पक्ष्याच्या बाजूचं अंतर

दुर्बीण हातात घ्या, पण डोळ्यांना इतक्यात लावू नका. आधी तिच्यावर कोरलेले आकडे वाचा. पक्षी पाहणाऱ्यांच्या दुर्बिणीवर बहुधा ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पट सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८० मीटरवर बसलेला पक्षी या दुर्बिणीतून १० मीटरवर असल्यासारखा दिसेल. गणित साधं आहे, तरी इथे जरा थांबू. १० मीटर झाले ते तुमच्यासाठी. पक्ष्यासाठी ते ८०च राहिले. तो चोचीने पंख सारखे करतो आहे, अळी आपटतो आहे, ऊन खात बसला आहे. तुम्ही त्याच्या दिवसात अजून शिरलेलाच नाहीत.

आज मन याच एका गोष्टीवर ठेवायचं आहे. अंतर माझ्या बाजूने मिटलं आणि त्याच्या बाजूने शाबूत राहिलं. दुर्बीण कोणती घ्यावी, तिच्यावर किती पैसे घालावेत, ती हातात आल्यावर करायचं काय, हे सगळं याच्याच उजेडात पाहू. घाई कसलीच नाही. वाचता वाचता खिडकीबाहेर नजर गेली तर जाऊ द्या, बाहेर काय बसलं आहे ते बघून या.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे अंतर बंदूक मिटवत असे. पक्षी नेमका कोणता हे सांगायचं तर तो हातात यावा लागे, आणि हातात यायचा तर आधी पडावा लागे. सालिम अलींचं पक्ष्यांशी नातं एका पडलेल्या चिमणीपासूनच सुरू झालं. जन्म १८९६चा. मुंबईत वाढणारा, हाती छऱ्यांची बंदूक असलेला मुलगा, आणि गळ्यावर पिवळा डाग असलेली एक अनोळखी चिमणी. ती ओळखेना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डनी चिमणी ओळखली आणि संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखवले. त्या मुलाने पुढे देशाला पक्षी पाहायला शिकवलं, आणि १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नावात ती पडलेली चिमणीच ठेवली. त्या काळच्या अभ्यासकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण आज जी पक्षीपुस्तकं पिशवीत घालून हिंडतो, ती त्यांनी जमवलेल्या कातड्यांवर उभी आहेत. पण मुलाच्या मनातला प्रश्न क्षणभर आपल्या मनात धरून बघा. हा कोण? प्रश्न अगदी तोच आहे. उत्तर मिळवण्यासाठी आज कुणाला मरावं लागत नाही, एवढा फरक पडला आहे, आणि तो फार मोठा आहे.

किती मोठा, ते रानपिंगळ्याने दाखवलं. १८७३ साली पक्षी-अभ्यासक ह्यूमने या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद उरली नाही. शतकाहून जास्त काळ तो होता तो संग्रहालयांच्या खणांत. मग नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात दिसला. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पायांवर दाट पांढरी पिसं, शेपटीवर रुंद पट्टे. खुणा दुरूनच तपासल्या गेल्या, चित्रण झालं, आणि पक्षी होता तिथेच राहिला. त्याच्या जातीचा इतिहास त्या सकाळी बदलला, पण त्याच्या दृष्टीने ती एक साधी सकाळ होती. या वाक्यापाशी थोडा वेळ बसा. पक्षीनिरीक्षणात याहून वरची अवस्था मला माहीत नाही.

आता निवडीकडे वळू. दुकानात गेलात की पहिला मोह पटीचा होतो. ८ पट दिसते तर १० का नको, १२ का नको? हातात घेऊन बघा. दुर्बीण पक्षी जितका मोठा करते, तितकंच तुमच्या हाताचं थरथरणंही मोठं करते. श्वास, नाडीचे ठोके, टेकडी चढून आल्यावरची धाप, सगळं त्या चित्रात उतरतं. शिवाय पट वाढली की समोरचा पट्टा अरुंद होतो. ८ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंदी दिसते, १० पटीतून ११० ते १२०च्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. सिंहगडाच्या दरीत, करवंदीच्या जाळीत क्षणभर टेकून उडणारा नाचण शोधताना तो किरकोळ राहत नाही. उघड्या पाण्यावरची दूरची बदकं रोज पाहणाऱ्याने, हात स्थिर असेल तर, १० पटीची खुशाल घ्यावी. बाकी सगळ्यांना, आणि पहिली दुर्बीण घेणाऱ्याला तर नक्कीच, मी ८ पटीचीच सांगेन.

एक छोटा प्रयोग करा. दुर्बीण हातभर लांब धरा, आकाशाकडे रोखा (सूर्याकडे कधीही नाही) आणि मागच्या भिंगांकडे बघा. प्रत्येकात उजेडाची एक गोल चकती तरंगताना दिसेल. तिचा व्यास काढायचा तर दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. ८×३२ असेल तर ४, १०×४२ असेल तर ४.२. तुमच्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते. दुपारी म्हणूनच सगळ्या दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात, आणि दुकानं दुपारी उघडी असतात. पण पक्ष्यांचा खरा दिवस पहाटे आणि सांजेला असतो. तेव्हा बाहुली मोठी होते आणि ती चकती जितकी मोठी तितका उजेड आत येतो. वय वाढतं तशी बाहुली पूर्वीइतकी उघडेनाशी होते, हेही ध्यानात असू द्या. साठी ओलांडलेल्याने ८×३२ची हलकी दुर्बीण घेतली तर तो फारसं काही गमावत नाही, मानेचं ओझं मात्र कमी होतं. चकती बघताना तिची कडाही बघा. ती स्वच्छ गोल हवी. कडा कापल्यासारखी, चौकोनाकडे झुकलेली दिसली तर आतल्या लोलकांची काच हलक्या प्रतीची आहे, असं बहुतेक वेळा समजावं.

चकतीतल्या त्या उजेडाचा प्रवास मनात आणा. पुढच्या भिंगातून तो आत शिरतो, लोलकांत वळतो, उलटं झालेलं चित्र सुलटं होतं आणि मग डोळ्यापाशी येतो. या लोलकांची रचना इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली पेटंट केली, आणि चाळीस वर्षांनी, १८९४मध्ये, झाइस कंपनीने जर्मनीत येनाला तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. खांदे रुंद असलेल्या जुन्या वळणाच्या दुर्बिणी त्या घराण्यातल्या. आताच्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत छपरासारख्या कोनाचे लोलक असतात. उजेड काचेत शिरताना आणि काचेतून बाहेर पडताना दर वेळी साधारण चार टक्के परतून जातो. असे दहा पृष्ठभाग पार करायचे म्हटले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो, आणि परतलेला उजेड आत इकडेतिकडे भटकून चित्र धूसर करतो. १९३५मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अत्यंत पातळ लेप चढवून ही गळती रोखण्याची वाट दाखवली. आज उत्तम दुर्बीण नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक उजेड डोळ्यापर्यंत पोहोचवते. छपरी लोलकांची आणखी एक अडचण होती. त्यांत उजेडाचे दोन भाग होतात आणि पुन्हा एकत्र येताना त्यांचा ताल किंचित चुकतो, त्यामुळे बारकावे पुसट होतात. तो ताल जुळवणारा लेप १९८८मध्ये आला. वटवट्याच्या डोळ्यावरची फिकट भुवई स्वच्छ दिसली, तर त्यामागे दीडशे वर्षांची ही चिकाटी आहे. माणसांनी आयुष्यं घालवली ती उजेड वाया जाऊ नये म्हणून. मला हे फार मोलाचं वाटतं.

काचेची परीक्षा कावळ्यावर करा. पांढुरक्या आकाशासमोर तारेवर बसलेला कावळा दुर्बिणीत धरा. त्याच्या पाठीच्या कडेला जांभळट किंवा हिरवट झालर दिसते का? उत्तम काचेत ती अगदी पुसट असते, चित्राच्या मध्यभागी जवळजवळ नसतेच. मग कावळा चित्राच्या काठाकडे न्या आणि तिथे तो किती सुरेख राहतो ते बघा. पाच-सात मिनिटं सतत बघा. डोळ्यांवर ताण आला, कपाळ जड झालं, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण खाली ठेवा, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

चष्मा असेल तर तो काढू नका, चष्म्यासकटच पारखा. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते माप १६ मिलिमीटर किंवा अधिक असावं. ते कमी पडलं की चित्राच्या कडा कापल्या जातात. फुलपाखरं आणि चतुरही पाहायचे असतील तर दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का तेही बघून घ्या. आणि आपल्याकडे पावसाला विसरून चालत नाही. कोकणात, घाटावर, ताम्हिणीच्या धुक्यात हिंडायचं तर दुर्बीण बंदिस्त आणि आत नायट्रोजन भरलेली हवी. नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंगांवर बुरशीचं जाळं चढू शकतं आणि एकदा काच कुरतडली गेली की ते डाग जात नाहीत. चामड्याच्या पेटीत ती कोंडून ठेवू नका, चामडं दमट होतं. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. काच पुसण्याआधी धूळ फुंकरीने उडवा. सदऱ्याच्या टोकाने पुसलेल्या भिंगांवर ओरखडे राहतात.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास आज भरवशाची ८×४२ मिळते. ऑस्ट्रिया-जर्मनीच्या सर्वोच्च दुर्बिणींना दीड-दोन लाख आणि त्याहूनही अधिक मोजावे लागतात. चार-पाच हजारांच्या दुर्बिणीवरून पंचवीस हजारांच्या दुर्बिणीवर आलात तर पाहणंच बदलतं. पंचवीस हजारांवरून दोन लाखांवर गेलात तर चित्राचे काठ आणि सांजेची शेवटची पंधरा मिनिटं बदलतात. ती पंधरा मिनिटं खरोखर सुंदर असतात. रातवा जमिनीवरून उठतो त्याच वेळी. ज्याला परवडतं आणि जो दर आठवड्याला रानात जातो, त्याने तो खर्च अपराधी न वाटता करावा, अशी दुर्बीण नीट सांभाळली तर मुलांच्याही हाती जाते. ज्याला परवडत नाही त्याने उसासा टाकू नये. पैसे अगदीच बेताचे असतील तर त्याच किमतीच्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा जुन्या पोरो वळणाची बहुधा जास्त चांगलं दाखवते.

दुर्बीण घरी आली. आता ती तुमच्या डोळ्यांची करून घ्या. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होऊ द्या. दूरचं काहीतरी ठसठशीत निवडा, एखादी पाटी किंवा फांदी. उजव्या भिंगासमोर हात धरा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ करा. मग हात डाव्या बाजूला न्या, मधल्या चाकाला न शिवता उजव्या डोळ्याजवळचं वळं फिरवा. आता दोन्ही डोळे उघडा. तुमचे दोन डोळे सारखे नाहीत, बहुतेकांचे नसतात, आणि या एका वळ्याने ते वेगळेपण सामावून घेतलं. त्या वळ्याची खूण लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या हातून दुर्बीण परत आली की ती खूण आधी तपासायची.

उचलायची रीतही सावकाश शिकावी. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा. नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण वर आणून डोळे व पक्षी यांच्यामध्ये ठेवायची. पक्षी तिथेच असतो. घरच्या गॅलरीतून समोरच्या नळाच्या तोटीवर, शेवग्याच्या एखाद्या शेंगेवर हा सराव करा. काही दिवसांत हात आपोआप येतात.

मग पाण्याकाठी जा. लांब जायला नको, गावाबाहेरचं तळं, नदीचा उथळ बंधारा, भाताचं खाचर, काहीही चालेल. तिथे वंचक असेल, ज्याला ढोकरी म्हणतात. कोणी त्याच्यासाठी थांबत नाही, इतका तो सगळीकडे असतो. तुम्ही थांबा. खाली बसा, कोपर गुडघ्यांवर टेका, पाठीला दगड किंवा झाड मिळालं तर घ्या. श्वास सोडा आणि बघा.

पहिल्यांदा फक्त मातकट रंग दिसेल. बघत राहा. तो एक रंग नाही. गळ्यावर आणि छातीवर उभ्या तपकिरी रेघा आहेत, खालच्या फिकट पिसांवर ओढलेल्या, आणि त्या गवताच्या काड्यांसारख्या खाली उतरतात. चोच पिवळसर, टोकाला काळपट. डोळा पिवळा, त्याच्या मधोमध काळी बाहुली, आणि ती तुमच्याकडे वळलेली नाही. ती पाण्याकडे आहे. पायांच्या हिरवट पिवळ्या काड्या पाण्यात शिरतात तिथे पाणी किंचित वर चढलेलं दिसेल. आता तुमचं मन म्हणेल, झालं, ओळखला, पुढचा कोणता? त्या क्षणाकडे लक्ष द्या. पक्ष्याचं नाव कळलं की पाहणं थांबवण्याची आपल्याला सवय आहे. चांगल्या दुर्बिणीचा आनंद या क्षणाच्या पलीकडे आहे. दुर्बीण खाली आणू नका.

तो हलत नाही. तुम्हीही हलू नका. मान आखडलेली, खांद्यांत ओढून घेतलेली. एक पाऊल उचललं, इतकं हळू की उचललं कधी ते कळलं नाही. पाण्यावरचा एक किडा त्याच्या पायाजवळून गेला, त्याने सोडून दिला. डोळ्यावरून क्षणभर एक पातळ पडदा सरकून गेला, ती पक्ष्याची तिसरी पापणी. हे नुसत्या डोळ्यांना दिसलं नसतं आणि जवळ गेला असतात तरी दिसलं नसतं, कारण तो उडाला असता. दोन्हींच्या मधली ही जागा फक्त दुर्बिणीत आहे. तिच्यात आवाज नाही, वास नाही. तुमच्या कानांत रस्त्यावरचा ट्रक आहे, त्याच्या कानांत काय असेल, याचा विचार मनात येऊ द्या आणि जाऊ द्या.

मग मान सुटते. काय झालं ते कळायच्या आत चोचीत एक चंदेरी मासा वळवळतो आहे. आणि समजा पलीकडून म्हैस पाण्यात उतरली, तर तो उडेल, आणि तो मातकट पक्षी एकदम पांढराशुभ्र होईल. पंख मिटलेले असताना ती पांढराई मातकट पाठीखाली झाकलेली असते. कितीही वेळा पाहिलं तरी हे नवं वाटतं. पावसाळ्याच्या तोंडावर, विणीच्या दिवसांत पुन्हा या. त्याची पाठ गर्द तांबूस झालेली असेल आणि डोक्यावरून लांब पांढरी पिसं मागे लोंबत असतील.

घरी येऊन चार ओळी लिहून ठेवा. दुर्बीण काही साठवत नाही. कॅमेऱ्याशी माझं भांडण नाही, नोंदींसाठी तो लागतोच, पण दुर्बिणीतून पाहणाऱ्याला काही न्यायचं नसतं, म्हणून आणखी दोन पावलं पुढे जाण्याची ओढ त्याला कमी लागते.

त्या दोन पावलांबद्दलच शेवटी बोलायचं आहे. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला पट्टकदंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मध्य आशियातून, तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून आलेले असतात. काठावर त्यांचा थवा बसलेला असतो, काही चरतात, काही मान पाठीत खुपसून झोपलेले. होडी जवळ आली की आधी कडेची मान वर होते. मग दुसरी, मग दहा. थोडं आणखी पुढे गेलात की सगळा थवा उठतो आणि लांब जाऊन बसतो. पाहणाऱ्याला ते दृश्य भव्य वाटतं. थव्याने मात्र खाण्याची वेळ आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची ताकद खर्च केलेली असते, आणि त्याच सकाळी दुसरी होडी येणार असते. माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीचं आणि धाविकाचंही हेच. आपण घरट्याशेजारी रेंगाळलो तर ती अंडी उन्हात उघडी पडतात.

म्हणून ज्यांनी चांगली दुर्बीण घेतली आहे, आणि जे घेणार आहेत, त्यांना एवढीच विनंती. नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली, तर तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या. ८ पटीच्या दुर्बिणीतून त्या दोन पावलांनी काहीही कमी दिसत नाही.